वेब डिझायनर : काम काय, कमाई काय, कष्ट काय?

नांदेडहून अर्धापूर मागे टाकून पुढे आले की वारंगा फाटा लागतो. इथून एक रस्ता आखाडा बाळापूर, कळमनुरी करीत हिंगोलीला जातो आणि दुसरा हदगाव, उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडे वळतो. एसटी थांबते, ट्रक थांबतात, प्रवासी इथली खिचडी खातात आणि आपापल्या वाटेला लागतात. अशा फाट्यावर हॉटेल, पंक्चरचे दुकान, झेरॉक्स, मोबाईल दुरुस्ती हे धंदे कोणाच्याही डोळ्यांना दिसतात. पण एखाद्या बापाने सांगितले की, "आमचा पोरगा वेब डिझायनर आहे," तर समोरचा हमखास विचारणार, "म्हणजे करतो काय नेमकं? दिवसभर घरीच तर दिसतो!"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बारावी झालेला मुलगा, पदवी घेतलेली मुलगी आज घरोघरी आहे. सरकारी भरतीची वाट पाहता पाहता वय निघून चालले आहे. दुसरीकडे क्लासवाल्यांच्या जाहिराती सांगतात, तीन महिन्यांत वेब डिझायनर व्हा आणि घरबसल्या पैसे कमवा. आई-बाप हातावर पोट असलेले. फीचे पैसे कुठून तरी उसने आणायचे. अशा वेळी धंदा आतून कसा आहे हे माहीत नसेल तर पैसाही जातो आणि लेकराची उमेदही जाते. म्हणून या कामाची साधी, खरी ओळख वाचकांना करून द्यावी असे आम्हाला वाटले.

कंपोझिटरचा वारस

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्या काळी लेख लिहिणारा एक असे आणि छापखान्यात एकेक खिळा जुळवून त्या लेखाचे पान बांधणारा कंपोझिटर दुसरा असे. मथळा केवढा, ओळ कुठे तोडायची, दोन रकान्यांत अंतर किती, हे त्याच्या हाताला ठाऊक असे. वाचकाला त्याचे नाव कधी कळत नसे, पण पान नीट वाचता आले ते त्याच्यामुळे.

वेब डिझायनर हा त्या कंपोझिटरचा वारस आहे. त्याचे पान मोबाईलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर असते. आणि ते नुसते वाचायचे नसते, त्यावर बोट लावून काही करायचेही असते. नाव भरायचे, फोटो चढवायचा, पैसे भरायचे, पावती काढायची.

असे पान तयार करायला मुख्यतः तीन भाषा शिकाव्या लागतात. घराच्या उदाहरणाने त्या लवकर समजतील. एचटीएमएल म्हणजे घराच्या भिंती, दारे आणि खिडक्या. सीएसएस म्हणजे गिलावा आणि रंगरंगोटी. जावास्क्रिप्ट म्हणजे विजेची जोडणी. बटण दाबले की दिवा लागला पाहिजे. मोठ्या कंपनीत आराखडा काढणारा डिझायनर वेगळा आणि तो प्रत्यक्षात उतरवणारा डेव्हलपर वेगळा असतो. तालुक्याच्या गावात मात्र एकट्यालाच गवंडी, रंगारी आणि वायरमन व्हावे लागते.

या धंद्याचे वय फार नाही. टिम बर्नर्स-ली या ब्रिटिश शास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत १९८९ साली वेबची कल्पना मांडली आणि १९९१ साली पहिली वेबसाईट जगापुढे आली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र साऱ्या जगाला मोफत खुले केले. कोणाची परवानगी नको, कोणाला मोबदला नको. ज्ञान कुलूपबंद ठेवले की माणसांचे काय होते हे आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको. वेबला कुलूप लागले नाही, म्हणून अमेरिकेतला मुलगा जे शिकतो तेच फाट्यावरचा मुलगाही शिकू शकतो. आपल्या देशात सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमाच्या मार्फत.

मराठीला मात्र तिथे जागा मिळायला वेळ लागला. सुरुवातीला निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटमध्ये मजकूर टाकला जाई. वाचणाऱ्याच्या संगणकात तोच फाँट नसला की अक्षरांच्या जागी नुसता गिचमिडा दिसे. युनिकोड पद्धतीत प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक मिळाला आणि हा घोळ मिटत गेला. विंडोजबरोबर येणारा 'मंगल' हा देवनागरी फाँट घडवला तो मराठी कवी आणि अक्षरकार र. कृ. जोशी यांनी. २००३ साली मराठी विकिपीडिया सुरू झाला. २०१४ पासून वेबसाईटचा पत्ताही देवनागरीत, शेवटी 'भारत' लावून, घेता येतो. मुंबईच्या 'एक टाईप' या अक्षरकारांच्या गटाने केलेले अनेक देवनागरी फाँट आज कोणालाही मोफत वापरता येतात. तेव्हा मराठीत काम करायला साधने नाहीत, ही सबब आता उरलेली नाही.

दिवस कसा जातो?

समजा, वसमतच्या एका हळद व्यापाऱ्याला वेबसाईट हवी आहे. तो म्हणतो, "भाऊ, एकदम मस्त करून दे." आता 'मस्त' म्हणजे काय, हे त्याच्याकडून काढून घेणे हेच डिझायनरचे पहिले काम. माल कोणाला विकायचा? परराज्यातल्या व्यापाऱ्याला की घरगुती गिऱ्हाइकाला? फोन आला पाहिजे की थेट मागणी नोंदली गेली पाहिजे? फोटो आहेत का? मजकूर कोण लिहिणार? हे प्रश्न न विचारता जो संगणक उघडतो, त्याचे निम्मे काम वाया जाते.

मग कागद-पेन्सिल घेऊन पानाचा कच्चा आराखडा काढायचा. वर नाव, खाली मालाचा फोटो, त्याखाली फोनचे बटण. तो संगणकावर नीट रेखाटून व्यापाऱ्याला दाखवायचा. पसंत पडला की कोड लिहायला बसायचे. व्यापाऱ्याने मोबाईलवर काढलेला फोटो फार जड असतो. तो हलका करायचा, नाही तर पान उघडायला एवढा वेळ लागतो की गिऱ्हाईक निघून जाते. एकच पान मोबाईलच्या अरुंद पडद्यावर आणि संगणकाच्या रुंद पडद्यावर नीट बसले पाहिजे. एथन मार्कोट या अमेरिकन डिझायनरने २०१० साली ही पद्धत सोपी करून मांडली, तेव्हापासून ती जगभर रूढ झाली. शेवटी स्वस्तातला मोबाईल घ्यायचा, रेंज कमी असेल तिथे उभे राहायचे आणि पान उघडते का पाहायचे. ही परीक्षा पास झाली तर काम झाले.

झाले म्हणावे तर व्यापाऱ्याचा निरोप येतो, "नाव अजून मोठं कर." ते केले की, "माझ्या मेहुण्याला रंग आवडला नाही." असे दहा फेरे होतात. या धंद्यात हात शिकलेला असावा लागतो, त्याहून जास्त डोके थंड असावे लागते. रात्री लाईट गेली तर काम थांबते, म्हणून इन्व्हर्टर नाही तर चार्ज केलेला लॅपटॉप आणि मोबाईलचे नेट तयार ठेवावे लागते. परदेशातले काम असेल तर त्यांचा दिवस म्हणजे आपली रात्र. घरचे झोपलेले असताना हा पडद्यासमोर बसलेला असतो आणि सकाळी उशिरा उठला की शेजारी म्हणतात, पोरगं आळशी झालं.

घरच्या माणसांनी एवढे समजून घ्यावे की हे बसून करायचे असले तरी कष्टाचेच काम आहे. मान, पाठ, मनगट आणि डोळे यांच्यावर त्याचा भार पडतो. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद तरी लांब पाहावे, तासाभराने उठून चार पावले चालावे, खुर्ची-टेबल उंचीला नीट असावे. खाटेवर पोटावर पडून दहा तास काम करणारा मुलगा तिशीतच पाठदुखी घेऊन बसतो.

दार अरुंद की रुंद?

आता आम्ही या धंद्याच्या गाभ्याकडे येतो. शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, पीक विमा, नोकरभरती, सगळे अर्ज आता ऑनलाईन झाले आहेत. फाट्यावरच्या कोणत्याही सेवा केंद्रात शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी जाऊन पाहा. एक मुलगी अर्ज भरते आहे. फोटो ठरावीक केबीमध्येच हवा, तो बसत नाही. वडील आणि आई यांच्या नावांसाठी सक्तीचे चौकोन, पण जिचे वडील हयात नाहीत तिने काय लिहावे याचा खुलासा नाही. सूचना इंग्रजीत, बारीक, फिक्या करड्या अक्षरात. ओटीपी बापाच्या मोबाईलवर गेला आणि बाप शेतात. तेवढ्यात पडद्यावर येते, वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा. भरलेले सगळे पुसले गेले. मुलीला वाटते, आपल्यालाच काही येत नाही.

बाई, चूक तुझी नाही. तो चौकोन, ती अक्षरे, ती वेळेची मर्यादा, हे सारे कोणी तरी बसून ठरवलेले असते. दार अरुंद ठेवायचे की रुंद, हे सुतार आणि घरमालक ठरवतात. अडकणाऱ्याचा त्यात दोष नसतो. चांगला डिझायनर फोटो आपोआप लहान करून घेतो, चौकोनाशेजारी मराठीत उदाहरण देतो, भरलेली माहिती जपून ठेवतो, चूक झाली तर ती कुठे झाली हे साध्या शब्दांत सांगतो. अक्षर आणि मागचा रंग यांत किती फरक असावा याचेही जागतिक माप ठरलेले आहे. साध्या मजकुरासाठी ते किमान साडेचारास एक असे आहे. आपल्या केंद्र सरकारनेही २००९ साली सरकारी वेबसाईटसाठी मार्गदर्शक नियमावली काढली आणि पुढे ती सुधारली.

हा प्रश्न केवळ सोयीचा राहिलेला नाही. बँक खाते उघडताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवा, अशी अट होती. ॲसिड हल्ल्यात ज्यांचे डोळे गेले त्यांनी काय करावे? ज्यांना दिसतच नाही त्यांनी काय करावे? प्रज्ञा प्रसून आणि अमर जैन यांच्या याचिकांवर निकाल देताना ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणजे पडद्यावरचा एक चौकोन थेट संविधानाशी जाऊन भिडला.

आणि म्हणूनच फाट्यावरच्या मुलाला आम्ही या धंद्यात कमी समजत नाही. शहरातल्या वातानुकूलित खोलीत बसलेल्याला कमी रेंज, फुटक्या काचेचा मोबाईल, अंगठा देणारी आजी आणि शेतात गेलेला बाप डोळ्यांपुढे येत नाही. आपल्या लेकरांनी हे रोज पाहिले आहे. ही त्यांची शिदोरी आहे. ती घेऊन काम केले तर ते इतरांपेक्षा चांगले दार घडवतील.

कमाई आणि हिशेब

आम्ही वाणिज्य शाखेचे, शिवाय कारकुनी करणारे. म्हणून हिशेबाचे चार शब्द सविस्तर सांगतो. कमाईचे तीन मार्ग आहेत. पहिला पुण्या-मुंबईच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या कंपनीत पगारी नोकरी. दुसरा गावात राहून आसपासच्या दुकानदार, दवाखाने, शिकवणी वर्ग यांची कामे घेणे. तिसरा इंटरनेटवरून बाहेरची कामे मिळवणे. खासगी नोकरीत राखीव जागा नाहीत. तिथे जात-दाखल्याऐवजी केलेले काम दाखवावे लागते. त्याला पोर्टफोलिओ म्हणतात. स्वतः केलेली चार-पाच चांगली पाने हातात असतील तर मुलाखतीत बोलायला बळ येते.

गावातली कामे घेणाऱ्याने पहिल्या दिवसापासून शिस्त ठेवावी. काम काय, किती पानांचे, किती वेळा दुरुस्ती, किती रक्कम, हे एका कागदावर लिहून सही घ्यावी. ओळखीचा असला तरी निम्मी रक्कम आधी घ्यावी. "दादा, आपल्याच माणसाचं काम आहे," असे म्हणून फुकट काम करून घेणारे पुष्कळ भेटतील. समाजकार्य करायचे तर ते ठरवून करावे, संकोचाने नव्हे. वेबसाईटचा पत्ता, म्हणजे डोमेन, ग्राहकाच्याच नावावर घ्यावा आणि त्याचे दरवर्षीचे भाडे कोण भरणार हे आधी ठरवावे. नसता वर्षाने वेबसाईट बंद पडते आणि बोल डिझायनरला लागतो.

उद्यम नोंदणी मोफत होते. ती जरूर करावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा नोंदणीकृत लहान व्यावसायिकाचे पैसे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर व्याज द्यावे लागते. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. कोणी टीडीएस कापला असेल तर विवरणपत्र भरावे; कर लागत नसल्यास तो परत मिळतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, या धंद्यात एका महिन्यात पैसे येतात आणि पुढचे दोन महिने कोरडे जातात. आलेल्या पैशात लगेच मोटारसायकलचा हप्ता लावू नये.

शिकायचे कुठे, फसायचे कुठे नाही

या कामाला पदवीची अट नाही. तीनही भाषा मोफत शिकता येतात. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने संगणकाच्या अनेक विषयांचे ऐकत-पाहत शिकायचे धडे केले आहेत आणि त्यांतले पुष्कळ मराठीतही आहेत. 'फ्रीकोडकॅम्प'वर वेब डिझाईनचा पूर्ण अभ्यासक्रम फुकट आहे, तो इंग्रजीत आहे. अनुसूचित जातींच्या तरुणांसाठी पुण्याची बार्टी ही संस्था वेळोवेळी प्रशिक्षणे जाहीर करते. त्यांच्या सूचनांवर लक्ष ठेवावे. इंग्रजीची भीती धरू नये. कोडमध्ये येणारे शब्द थोडे आणि पुन्हा पुन्हा येणारे असतात. पण ग्राहकाशी पत्रव्यवहार करायचा तर इंग्रजी लागते, म्हणून रोज अर्धा तास तिच्यासाठीही काढावा.

आपल्याच मराठवाड्यातले एक उदाहरण आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याचे दादासाहेब भगत आयटीआय करून पुण्यात गेले आणि इन्फोसिसमध्ये ऑफिस बॉय म्हणून लागले. संगणकावर बसलेल्यांचे काम पाहून ते ॲनिमेशन आणि डिझाईन शिकले, पुढे कोड लिहायलाही शिकले. २०२० च्या टाळेबंदीत ते गावी परतले. गावात रेंज नीट मिळेना, म्हणून टेकडीवरच्या गोठ्यात संगणक मांडून गावातल्या मुलांना सोबत घेऊन त्यांनी काम चालवले. डिझाईन तयार करण्याची 'डूग्राफिक्स' ही सेवा त्यांनी उभी केली. यामागे काही वर्षांची मेहनत आहे, तीन महिन्यांची जादू नाही, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

म्हणून क्लास लावण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. इथे शिकलेल्या मुलांनी केलेल्या वेबसाईट आम्हाला उघडून दाखवा. फी महिन्याच्या महिन्याला घ्याल का? नोकरीची हमी देता ती लेखी देता का? उत्तर टाळले तर उठून यावे. 'घरबसल्या काम देतो, आधी अनामत भरा,' असे सांगणाऱ्याच्या नादी लागूच नये. पैसे गेलेच तर विनाविलंब १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

आणखी एक धोका लपवून चालणार नाही. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि त्यानंतर कृत्रिम बुद्धिमत्ता मिनिटाभरात साधे पान बांधून देऊ लागली. केवळ नक्कल करणाऱ्याचे काम त्यामुळे जाणार आहे. पण गिऱ्हाइकाला काय हवे ते ओळखणे, अर्ज भरणाऱ्या आजीला कुठे अडते ते पाहणे, मशीनने केलेली चूक पकडणे, हे माणसाकडे राहते. म्हणून ही नवी अवजारे शिकावीत, पण पाया कच्चा ठेवू नये.

मुलींच्या बाबतीत पालकांना आमचे विशेष सांगणे आहे. हे काम घरातून करता येते, म्हणून ते मुलीला सोयीचे, असे म्हटले जाते. खरे आहे. पण मुलगी घरात आहे म्हणून दर दहा मिनिटांनी तिला चहा, पाणी, भाकरीसाठी उठवले तर ती काम कधी करणार? मुलाच्या कामाला जसा दरवाजा लोटून देतो तसाच तिच्याही कामाला लोटून द्यावा. तिच्या कमाईचे खाते तिच्या नावावर असावे आणि लग्न ठरवताना तिचा लॅपटॉप व तिचे काम यांचा विषय आधीच बोलून घ्यावा.

पालकहो, सर्वांच्याच लेकरांनी वेब डिझायनर व्हावे असे आम्ही म्हणत नाही. ज्याला तासन् तास एका जागी बसवत नाही, त्याने दुसरे हुन्नर शिकावे. पण ज्या मुलाला एखादे पान पाहून "हे असं का केलं, असं का नाही?" असा प्रश्न पडतो, त्याला सहा महिने मोफत धडे करू द्या. एक जुना पण चालता लॅपटॉप मिळवून द्या. पहिले काम गावातलेच द्या. बचत गटाचे, वाचनालयाचे, शाळेचे. त्या कामातूनच कळेल की हात बसतो की नाही. क्लासच्या फीचा विचार त्यानंतर करावा.